पूर्वेचं गेट आणि पोकळीची दिशा

पोकळीला स्वतःची दिशा असू शकते का, हा माझा प्रश्न. कॉलेजचं गेट कुठल्या दिशेला असावं, हा आप्पारावांचा. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मी पाडव्यापासून घसा फोडून सांगतो आहे. हे ज्याला पटलं असा माणूस सिरसाळ्यात अजून मला भेटायचा आहे.

मी रुद्रेश. इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे पगार होतो तेव्हा होतो. माझे वडील शिवशरण, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पेठेत किराणा-भुसारचं दुकान चालवतात. दुकानात बसायला लागू नये म्हणून मी नोकरीचं सोंग काढलंय, असं त्यांचं ठाम मत आहे. बायको प्रणिता मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माझी आकडेमोड तपासू शकेल अशी घरात ती एकटी, आणि खरं सांगायचं तर गावातही.

माझं काम काय, ते आधी नीट सांगतो. आप्पारावांना मी ते एका वाक्यात सांगितलं आणि फसलो.

सापेक्षतेचा सिद्धांत म्हणतो की निसर्गाच्या नियमांना सगळ्या दिशा सारख्या. पूर्वेकडे तोंड करून प्रयोग करा की दक्षिणेकडे, जागच्या जागी उभे राहा की एकसारख्या वेगाने जात राहा, उत्तर तेच. ही समानता आजवर कुठल्याही प्रयोगात मोडलेली दिसली नाही. पण गेल्या दहा वर्षांत काही लोकांनी एक शंका काढली आहे. नियम अगदी निःपक्षपाती असले, तरी ते नियम पाळणारी पोकळीच एका बाजूला झुकून बसली असेल तर? म्हणजे रिकाम्या जागेच्या प्रत्येक बिंदूवर एक न दिसणारा बाण, आणि सगळे बाण एकाच दिशेला. कुणी ठरवलेलं नाही, आपलं आपण झालेलं. अशी पोकळी टिकेल की कोसळेल, यावर मी चार वर्षं कागद काळे करतो आहे.

मुलांना मी आठवडी बाजाराचं उदाहरण देतो. मैदान मोकळं, कुठंही बसा. पहिली बाई पोतं अंथरते, तोंड समजा रस्त्याकडे. दुसरी तिच्या शेजारी तशीच बसते, तिसरी तिच्या शेजारी. दुपारी बघा, सगळा बाजार एकाच बाजूला तोंड करून बसलेला. मैदानाला दिशा नव्हती, बाजाराला आली. एकदा जेवताना मी हे मोठ्या हौसेने दादांना सांगितलं.

दादा म्हणाले, "पयली बाई कुठं बसती ते बाजाराचा ठेकेदार ठरवतो, रुद्र्या. हे असलं शिकवतूस व्हय पोरांला?"

मी पानावरून उठलो. प्रणिता तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी पाहिलं.

पुण्याच्या एका संशोधन केंद्रातल्या प्राध्यापकांना मी माझा निबंध पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं: गणित अर्धं जमलं आहे, उरलेलं इथं येऊन करा, जूनपासून सहा महिने. तिथं ग्रंथालय आहे, संगणक आहे, आणि ज्यांच्याशी या विषयावर भांडता येईल अशी माणसं आहेत. आनंदाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आता फक्त कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पाराव यांची रजेच्या अर्जावर सही हवी होती. एक सही!

आप्पाराव नुकतेच जिल्हा परिषदेला पडले होते. का पडले ते मतदारांना माहीत होतं, पण त्यांनी विचारलं मोहनरावांना. हे मोहनराव पूर्वी कापसावरच्या फवारणीची औषधं विकायचे. मग हवा बदलली, जो तो बंगला बांधायला लागला, आणि मोहनराव वास्तुतज्ज्ञ झाले. त्यांनी सांगितलं, कॉलेजचं गेट दक्षिणेला आहे, दोष तिथं आहे. दक्षिणेला परळीचा रस्ता, म्हणून गेट तिथं होतं. ते विटांनी बुजवलं आणि पूर्वेला नवीन बांधायला घेतलं. पूर्वेला काय आहे? जिनिंग मिलची मागची भिंत, एक नाला आणि बाभळी. माझ्या लूनाचं चाक आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायला लागलं. पोरी सँडल हातात घेऊन नाला ओलांडायच्या.

मी अर्ज घेऊन आप्पारावांच्या पेट्रोल पंपावर गेलो. ते खाटेवर बसून चहा पीत होते, शेजारी मोहनराव.

"सहा म्हयने? कावून पायजेत, सर? कशाचं संशोधन हाय तुमचं?"

मला वाटलं, सोपं करून सांगावं. मी म्हणालो, "साहेब, रिकाम्या जागेत मुळातच एखादी दिशा ठरलेली असू शकते का, ते मी शोधतोय."

आप्पारावांनी कप खाली ठेवला. मोहनरावांकडे पाहिलं. मग उठून मला मिठीच मारली.

"आरं, मग हेच तर हे आमाला कवापासून सांगायलेत! आन् आपल्याच कालिजात शास्त्रज्ञ बसलाय, आमाला पत्त्याच न्हाई! सर, पाडव्याला गेटाचं उद्घाटन हाय. तुमी बोलायचं. सायन्सच्या भाषेत."

"साहेब, त्याचा याच्याशी..."

"भाषन झालं की सही." अर्ज घडी होऊन त्यांच्या खिशात गेला.

घरी येऊन मी भिंतीवर डोकं आपटायचा बाकी होतो. दादा म्हणाले, "चार शब्द बोल, सही घी, गप पुन्याला जा. तुझं काय जातंय?" प्रणिता मात्र वहीतून मान वर न करता म्हणाली, "अहो, बोला की. पण खरं तेच बोला. पृथ्वी फिरती न्हवं?"

बरोबर! तो बाण असलाच तर ताऱ्यांच्या जगात रोवलेला असणार. त्याला पूर्व-पश्चिम कुठली ठाऊक? पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्याबरोबर सिरसाळ्याचं गेटही फिरतं. मी भाषण पाठ केलं. इतका खूश मी निबंध लिहितानाही नव्हतो.

पाडव्याला मांडव भरला. मी माईक धरला आणि सगळं सांगितलं. "पोकळीला दिशा असेल की नाही, कुणालाच माहीत नाही. पण असलीच, तर तिचा आपल्या गेटाशी संबंध नाही. समजा आज सकाळी सातला गेटाचं तोंड त्या दिशेला आलं, तर संध्याकाळी सातला पाठ असेल. गेट पूर्वेला ठेवा नाहीतर छपरावर, दिवसभरात ते गरगर फिरून येणारच." आणि मग माझ्यातल्या मास्तराला राहवेना. मी म्हणालो, "उद्या ते सातला नाही, चार मिनिटं आधीच तिथं येईल. ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान असतो."

मांडव गप्प. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मोहनरावांनी टाळी वाजवली. शेजारच्याने वाजवली. मग अख्ख्या मांडवाने. आप्पारावांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"सरांनी मुहूर्तच काढून दिला! सकाळी सात. आन् रोज चार मिन्टं आलीकडं. लिवून घ्या बे कुनी तरी!"

मी ओरडलो, "अहो, तसं नाही!" माईक त्यांच्या हातात होता. सही त्यांनी तिथंच, मांडवाच्या खांबावर कागद टेकवून केली.

दुसऱ्या दिवसापासून गेट सहा छप्पन्नला उघडायला लागलं आणि नऊला कुलूप. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी चार मिनिटं आधी. मोहनरावांनी तक्ताच करून गेटावर लावला, खाली माझं नाव. महिन्याभरात गेट पाचला उघडू लागलं आणि सातला कुलूप. परीक्षा अकराला. पोरं पहाटे झुंजुरक्याला येऊन व्हरांड्यात झोपायची, घंटा झाली की उठून पेपर लिहायची. आया मला पेठेत गाठून विचारायच्या, "सर, तुमाला लेकरं न्हाईत का?" मी प्राचार्यांना सांगितलं, मोहनरावांना सांगितलं, आप्पारावांना दोनदा सांगितलं. सगळे म्हणाले, "सर लई साधे हायती, मोठेपना घ्यायला नगं म्हनत्यात." अशा माणसांचं काय करायचं?

गावातला एसटीडी बूथ आसारामचा. तोच जिल्ह्याच्या दैनिकाचा वार्ताहरही. मे महिन्यात पुण्याला फोन लावायला मी त्याच्या काचेच्या खोक्यात शिरलो.

पुण्याचे प्राध्यापक म्हणाले, "रुद्रेश, मला एक कात्रण आलंय. 'सिरसाळ्याच्या प्राध्यापकाने वास्तुशास्त्र सिद्ध केले.' हे तुम्हीच का?"

काचेपलीकडे आसाराम मान डोलावून हसत होता. बातमी त्याचीच.

मी घामाने निथळत सगळं सांगितलं. ते भले माणूस, हसलेही. पण म्हणाले, "माझा विश्वास आहे. समितीचा नाही. त्याच दैनिकात तुमचा खुलासा छापून आला तर मी त्यांच्यासमोर ठेवतो. जूनच्या आत आला पाहिजे."

खुलासा छापायचा तर आप्पारावांना विचारल्याशिवाय आसाराम पेन उचलणार नव्हता. मी लूना ढकलत कॉलेजवरून पंपाकडे निघालो, चाक अर्थात बसलेलं. जुन्या गेटाच्या बाजूने गेलो म्हणून दिसलं. बुजवलेल्या गेटापासून थेट वळणापर्यंत, परळी रस्त्याला लागून, चुन्याच्या फक्कीचे चौकोन आखलेले होते. एकाला एक लागून, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे.

"हे काय आहे?" पंपावर जाऊन मी विचारलं.

आप्पारावांनी मला बसायला स्टूल दिलं. त्या दिवशी ते एकटे होते आणि चांगल्या मूडमध्ये होते.

"गाळे हायती, सर. शॉपिंग. आता खेड्यात बी शॉपिंग पायजे. मधी गेट आसतं तर आर्धी जागा गेली आसती. आन् कालिजाची जागा गाळ्याला कावून म्हनून गाव बोंबललं आसतं. वास्तू म्हनलं की कुनी बोलत न्हाई. आन् तुमी बोलल्यावर तर शिकलेले बी गप झाले."

मी स्टुलावरून उठलो. "म्हणजे तुमचा यावर विश्वास नाही?"

"मी पडलो ते दक्षिनंमुळं न्हाई, मला म्हाईत हाय की." ते हसले. "आता खुलासाबिलासा नगा काढू. तुमच्या वडलांनी बी एक गाळा धरलाय. तुमच्याच नावानं."

ठेकेदार ठरवतो, असं दादा म्हणाले होते. मी चार वर्षं अशी दिशा शोधत होतो जी कुणी न ठरवता ठरते, आणि माझ्या नाकासमोर एक दिशा आखून, चुना टाकून, माझ्याच तोंडून वदवून घेतली होती. मला आप्पारावांचा राग आला, पण त्याहून जास्त माझा आला.

घरी दादा वजनकाटा पुसत होते. मी इतक्या जोराने बोललो की प्रणिता पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"पगार किती म्हयन्याचा न्हाई तुझा?" त्यांनी विचारलं. "मी काय जल्मभर पुरनार हाय व्हय? उद्या नौकरी गेली तर रस्त्यावरचा गाळा तरी आसंल. पुन्याहून आल्यावर काय, पोकळी विकनार हाईस?"

तरी मी म्हणालो, "गाळा परत करायचा. माझं नाव काढायचं." उद्या कुणी म्हणालं असतं, भाषणाच्या बदल्यात गाळा मिळाला. तेवढं तरी मला नको होतं.

मी तडक आसारामकडे गेलो. आप्पारावांना विचारायला जाऊ न देता त्याला समोर बसवून एक एक वाक्य सांगितलं. मी माझ्या नावाचा गाळा परत करतो आहे. माझ्या संशोधनाचा गेटाशी, गाळ्याशी, कुठल्याही इमारतीच्या दिशेशी संबंध नाही. गेट गाळ्यांसाठी हलवलं आहे. आसारामने सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नव्हता. त्या रात्री मी शांत झोपलो.

दोन दिवसांनी छापून आलं. पहिलं वाक्य तेवढं होतं. वर ठळक मथळा: 'दिशा-संशोधकाने दक्षिणमुखी गाळा नाकारला.'

आसारामच्या बूथवर मी आदळआपट केली. तो हात जोडून म्हणाला, "मी समदं धाडलतं, सर. बीडला कापलं. साहेबांची जाहिरात हाय ना पेपरात. मथळा बी तिकडंच दिला."

पुढं जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. त्या गाळ्यांची तोंडं दक्षिणेला होती, हे महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पेपर वाचून कापडवाल्याने त्याच दुपारी आपला गाळा सोडला. ते पाहून खतवाल्याने. मग मेडिकलवाल्याने, भांडीवाल्याने. कुणी सभा घेतली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. एक वळला की शेजारचा वळत होता. आठवडा संपायच्या आत एकही गाळा उरला नाही. आप्पाराव मोहनरावांवर धावून गेले, म्हणाले, दक्षिण चांगली हाय म्हनून सांग. पण ज्या तोंडाने गेट काढायला लावलं त्या तोंडाने मोहनराव काय सांगणार? ते परत फवारणीच्या औषधांकडे वळले असं ऐकतो.

कुणी न ठरवता ठरलेली दिशा मला शेवटी बघायला मिळाली. ती अशी.

दादा पेठेत छाती काढून सांगायला लागले, "आमच्या रुद्र्याला आधीच कळलंतं. दक्षिन टाळली त्यानं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्यात तेवढा जीवच राहिला नव्हता.

पुण्याला प्राध्यापकांना फोन केला. दुसरं कात्रणही त्यांना मिळालं होतं. "आता माझ्या हातात काही नाही, रुद्रेश," ते म्हणाले. "तुमच्या जागी एका मुलाला घेतलंय. तुमचं अर्धं झालेलं गणित त्याला देऊ का? तुमचं नाव राहील." मी म्हणालो, द्या. काचेपलीकडे आसाराम आज हसत नव्हता.

गाळेच उरले नाहीत, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेच्या विटा काढल्या आणि गेट परत परळी रस्त्यावर आलं. ते आता सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं, जगातल्या इतर गेटांसारखं. पोरी कोरड्या पायांनी वर्गात येतात. आप्पारावांनी माणूस पाठवून विचारलं, "सर, उद्घाटनाला दोन शब्द बोलनार का?" मी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवलं.

सही झालेली रजा अजून माझ्याकडे होती. सहा महिने, बिनपगारी, जायला जागा नाही. ती रद्द करा असा अर्ज मी लिहायला बसलो. प्रणिता समोर तांदूळ निवडत होती. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"अहो, पण खरंच आसती का हो दिशा? पोकळीला?"

पाडव्यापासून सगळं गाव माझ्याशी दिशेबद्दल बोलत होतं. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तेच बघायला जायचं होतं."